गेले म्हणजे कुठं?

"मी मेलोय असं हितं कुणी लिवलं?"

काउंटरवर साठीतले एक गृहस्थ उभे. मास्क हनुवटीवर, हातात मोबाइल. त्यावर आमच्याच हॉस्पिटलचा मेसेज : आपल्या कुटुंबीयाच्या निधनाबद्दल आम्ही शोक व्यक्त करतो.

"मेसेज आला तसा म्या समद्या नातेवाइकांना फोन लावला, आपल्यातलं कोन गेलं म्हणून. समदे जित्ते. म्हणलं, मग ऱ्हायलो मीच."

हे तात्या. देवगाव रंगारीचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. घशाचा कॅन्सर. रेडिएशनला नंबर लावला आणि लॉकडाऊन लागला. आता मशीन सुरू झालं, तर नंबर गायब. कारण आमच्या कॉम्प्युटरमध्ये तात्या दिवंगत होते आणि त्यांची जागा पुढच्या पेशंटला गेली होती. गाठ काही आमच्या दुरुस्तीसाठी थांबणार नव्हती. आवाज आधीच बसला होता.

मी संभाजीनगरच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात रजिस्ट्री सांभाळते. कुणाला कोणता कॅन्सर झाला, उपचारानं काय झालं, माणूस आहे की गेला, याची नोंद ठेवायची. पेशंट यायचा थांबला की घरी फोन करायचा. त्याला आम्ही फॉलो-अप म्हणतो.

लॉकडाऊनमध्ये आमच्याकडचे मृत्यू चक्क कमी दिसले. सगळे खूश, फक्त आमचे सर सोडून. सर म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, पुण्याचे.

"मॅडम, कॅन्सर रजेवर गेलेला नाही," ते म्हणाले. "पेशंट आलेच नाहीत. तपासणी नाही तर निदान नाही, आणि निदान नाही तर कॅन्सरनं गेला हे कळणार कसं? आता उशिरा येतील, वाढलेला आजार घेऊन. आकडा उसळेल बघा."

अर्धा स्टाफ क्वारंटाइन, म्हणून सर स्वतःच फॉलो-अपच्या फोनला बसले. आकडा खरंच उसळला. सरांना वाईट वाटलं, आणि भाकीत खरं ठरलं म्हणून किंचित बरंही वाटलं.

मी तात्यांना खुर्ची दिली आणि त्यांच्या सुनेला फोन लावला, स्पीकरवर. "ताई, डॉक्टरांनी तात्यांचं विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलं?"

"म्हणलं, तात्या गेले. कन्नडला गेले, दुपारून येतील, असं सांगणार व्हते. तेवढ्यात ते म्हणले, फार वाईट झालं, स्वतःला जपा. आन् फोन ठिवला. मला वाटलं, कन्नडला कोरोना लई हाय म्हणून म्हणत्यात."

मी हसू लपवायला टेबलाखाली वाकले ती वर येईचना. सर मागेच उभे होते, कानापर्यंत लाल.

"अहो, गेले म्हटल्यावर कुठे, असं कसं विचारायचं?" सर म्हणाले.

"आमच्याकडं तेच इचारत्यात, सायेब," तात्या म्हणाले.

सरांनी रेडिएशनवाल्यांना उभ्या उभ्या फोन केला आणि तात्यांचा नंबर त्याच आठवड्यात लावून घेतला. मग आम्ही सगळ्या 'गेले'वाल्यांना पुन्हा फोन केले. एक बिडकीनला कंपनीत कामाला गेलेले. एक हर्सूलला. "जेलात नाय हो, लेकीकडं," बायकोनं घाईघाईनं सांगितलं. एकेक माणूस जिवंत निघाला की आम्ही टाळ्या वाजवायचो, सर सगळ्यांत जोरात. इतकं आनंदाचं काम मी नोकरीत दुसरं केलेलं नाही.

सगळेच परत आले नाहीत. काही घरांत 'कुठं?' विचारल्यावर पलीकडून मयताची तारीख ऐकू यायची. आकडा खाली आला, तरी पूर्वीपेक्षा वरच राहिला. सरांचं म्हणणं खरं होतं, फक्त त्यात तात्यांना धरायचं नव्हतं.

परवा तात्यांच्या घरी फॉलो-अपचा फोन केला. सुनेनं उचलला.

"तात्या गेले."

मी विचारलं, "कुठं?"

"नातीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला. तुमच्या सरांची पयली काढून ठिवलीया. म्हणले, सायेबानं माझ्या मयताला शोक केला, आता लग्नाला जेवून जावं."

तेव्हापासून नव्या स्टाफला मी पहिल्याच दिवशी सांगते : 'गेले' ऐकलं की आधी 'कुठं?' विचारा. शोक काय, नंतरही करता येतो.