फोन पालथा ठेवून वाजवलेलं गाणं

इंटरनेटच्या केसाएवढ्या काचेच्या तारा जोडण्यात जोडकाकांचा हात धरणारं आमच्या ऑफिसात कोणी नाही, आणि हे ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगतात. तरीही नातीच्या गाण्याचा ताल चुकायला लागला, तेव्हा त्यांनी दोष दिला तो स्वतःच्याच जोडांना.

नात समुद्रापार, केबलच्या वाटेने सोळा हजार किलोमीटरवर. शाळेच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदाच गाणार होती आणि तिचा एकच हट्ट होता: आजोबांनी इथून फोनवर माउथ ऑर्गन वाजवायचा. सरावाला काका तिच्या आवाजासाठी थांबत, ती त्यांच्या सुरासाठी थांबे. एकमेकांना सांभाळून घेता घेता गाणं रांगायला लागे. शेवटी रडकुंडीला येऊन तिने सांगून टाकलं, "मी नाही गाणार."

काकांनी घरापासून चौकातल्या केबलच्या डब्यापर्यंतचा एकूण एक जोड कापून पुन्हा जोडला. फरक शून्य. मग स्वारी माझ्या टेबलापाशी आली. मी त्यांची साहेब, वयाने त्यांच्या मुलीएवढी.

"काका, जोड उत्तम आहेत," मी म्हटलं. "पण काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच पळतो. जाऊन-येऊन बत्तीस हजार. सेकंदाचा जवळजवळ सहावा भाग तिथेच गेला."

"आणि नवीन मशीन बसवलं तर?"

"तरी तेवढाच. प्रकाशाला कोण ढकलणार?"

त्यांचा चेहरा पडला आणि मला माझ्या हुशारीचा रागच आला. मग ते म्हणाले, "माझा सूर तिथे उशिरा पोचतो, पण तिथल्यांना तो आत्ताचाच ना? घोळ होतो तो मी तिचं ऐकून थांबतो म्हणून. मी ऐकलंच नाही, नुसतं वाजवत राहिलो तर?"

नातीला त्यांनी कसंबसं तयार केलं.

कार्यक्रमाच्या सकाळी ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत त्यांनी व्हिडिओ कॉल जोडून फोनमधून येणारा आवाज बंद केला, तिचे ओठही दिसू नयेत म्हणून फोन पालथा ठेवला आणि वाजवायला लागले. ती गातेय की रडतेय, काहीच कळत नव्हतं. तरी ते एकदाही थांबले नाहीत. मी दारात उभी राहून ऐकत होते.

गाणं संपलं, पण फोन उचलायची त्यांची हिंमत होईना. मीच तो सुलटा केला आणि आवाज सुरू केला. टाळ्या चालल्या होत्या.

"आजोबा, ऐकलंत? मी कशी गायले?"

"नाही गं," काका डोळे पुसत म्हणाले. "आता एकदा माझ्यासाठी गा. मी वाजवत नाही, नुसतं ऐकतो."