गिरणीचं दार

अमेरिकेत मुलीकडे गेलो असताना एक जुनी कापडगिरणी पाहायला गेलो. माहिती सांगणाऱ्या वृद्ध बाईंनी तिथल्या लोखंडी दारावर हात ठेवला.

"माझी पणजी इथे माग चालवायची. कामाच्या वेळात या दाराला बाहेरून कुलूप असायचं. शेजारच्या गिरणीला आग लागली आणि आत कोंडलेल्या बायका मेल्या. दुसऱ्या दिवशी पणजीनं माग थांबवला. म्हणाली, आधी कुलूप काढा. मग साऱ्याजणी उठल्या."

"पुढे काय झालं?"

"तिची नोकरी गेली. पण कुलूप निघालं. पुढे तसा कायदाही झाला," बाई अभिमानानं म्हणाल्या.

कायदे अशा बायकांनीही घडवलेले असतात, हे मला तिथे उमगलं.

माझी आई सोलापूरच्या गिरणीत कामाला होती. हे मी आपणहून कुणाला सांगत नसे. त्या दिवशी बाईंना ताठ मानेनं सांगितलं.