जपून ठेवलेली डोरा

"महिन्यातून एका रविवारी आम्ही इथे जर्मनीत गेर्लिंगेनला एकांकडे जुन्या ब्लूजच्या रेकॉर्ड ऐकायला जमतो," असं मी पुण्यात आईला सांगते. ती बिचारी शेजाऱ्यांना कौतुकाने सांगते. खरं म्हणजे तिथे रेकॉर्ड कमी आणि फोग्टसाहेबच जास्त ऐकावे लागतात. किस्से इतके साठलेत की आता पोटात मावत नाहीत. हसत हसत सांगायला घेते आणि शेवटी माझंच डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

फोग्टसाहेब रिटायर्ड मास्तर. त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, भिंतभर रेकॉर्ड आहेत आणि काचेच्या कपाटात एकटी डोरा. डोरा प्रूइट ही शंभरेक वर्षांपूर्वीची अमेरिकेतली काळी गायिका. तिची एकच रेकॉर्ड निघाली आणि तिची जगात उरलेली एकमेव प्रत आपल्याकडे आहे, असं साहेब म्हणतात.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी पांढरे हातमोजे चढवले, ती रेकॉर्ड काढली आणि सगळ्यांसमोरून हळूहळू फिरवली. शेजारी फडके काका होते, माझ्या नवऱ्याचे, शिरीषचे, जुने वरिष्ठ. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. मी विचारलं, लावणार कधी? मी देवघरात चपला घालून शिरल्यासारखं साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुई लागली की ती झिजते," ते म्हणाले. "तिला जपायला हवं."

मग डोरा कपाटात गेली आणि आम्ही केक खाल्ला.

*

फडके काका मशीन दुरुस्तीतला माणूस. जर्मनीत सगळा जन्म गेला, पण पार्ट दिसला की पुसायचा ही सवय गेली नाही. एकदा साहेब कॉफी आणायला वर गेले होते. काकांनी एक धुळकट रेकॉर्ड उचलली, खिशातून स्पिरिटची बाटली काढली आणि लागले चोळायला. फडकं काळं झालं, बोटं काळी झाली, काका खूश! "गेनाऊ! अगदी बरोबर! बघ केवढी घाण होती."

घाण कसली? जुन्या रेकॉर्ड लाखेच्या असतात. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. रेकॉर्ड लाखेची असते, एवढंच ठाऊक नव्हतं. साहेब खाली आले तेव्हा गाणं सगळं फडक्यावर उतरलं होतं. तेव्हापासून डोराच्या कपाटाला कुलूप आहे.

*

डोराची गोष्ट मात्र साहेब रंगवून सांगतात, ते मान्य करायला हवं. एका हॉटेलच्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या बांधून रेकॉर्डिंग झालं. डोरा गाताना पायाने ठेका धरायची आणि त्या दणक्याने सुई उडायची. कंपनीच्या माणसाने तिच्या पायाखाली उशी ठेवली. लेबलवर तिचं नावसुद्धा घातलं नाही, भलतंच कुठलं तरी छापलं. खरी गायिका कोण, ते ती गेल्यावर खूप वर्षांनी अभ्यासकांनी शोधून काढलं. तोवर डोराने जन्मभर लोकांचे कपडे धुतले. माझी रेकॉर्ड आहे म्हणाली, की शेजारीपाजारी तिला थापाडी म्हणायचे. ती ऐकायला म्हणून दुकानात गेली, तर काळ्या बाईला आत घेतलं नाही.

इथे साहेब चष्मा काढतात. "बाईने स्वतःचा आवाज मरेपर्यंत ऐकला नाही," म्हणतात आणि डोळे पुसतात. खरोखर रडतात हो! सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटायचं.

*

एका रविवारी ही गोष्ट संपल्यावर मागच्या खुर्चीतली साठीची एक बाई उठली. "डोरा प्रूइट माझी आजी," म्हणाली. ही डेनीझ. तिचे वडील अमेरिकन सैन्यातून इथे आले, इथल्याच मुलीशी लग्न करून राहिले. ती लुडविग्सबुर्गला जन्मली आणि तिथेच नर्स होती. मला वाटलं, साहेब आता धावत जाऊन कपाट उघडतील.

साहेबांनी इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "काही पुरावा आहे?"

इथे कागदाशिवाय भाड्याने घर मिळत नाही, हे मला माहीत होतं. आजीसुद्धा मिळत नाही, हे त्या दिवशी कळलं. डेनीझने त्यांना उत्तर दिलं ते इथल्या गावठी बोलीत, अस्सल श्वेबिशमध्ये, जी फडके काकांना अजून धड समजत नाही. साहेब पुढेही तिच्याशी इंग्रजीतच बोलत राहिले.

*

पुढच्या खेपेला डेनीझ पुरावा घेऊन आली. आजीचा फोटो, कडेवर तिचे वडील, लहानगे. घरात तेवढा एकच. साहेबांनी तो स्कॅन करतो म्हणून ठेवून घेतला. महिन्याभराने पाहते तर फ्रेम करून भिंतीवर! खाली पितळी पट्टी: 'फोग्ट संग्रह'. डेनीझ तो फोटो मागत राहिली आणि साहेब "हो, हो, नक्की" म्हणत राहिले.

*

तिला फोटोपेक्षा रेकॉर्ड हवी होती. मालकीची नव्हे, एकदा ऐकायला. स्वतःसाठीही नव्हे. वडील नव्वदीचे, वृद्धाश्रमात, हृदय दमलेलं. जाण्याआधी एकदा आईचा आवाज ऐकायचाय, एवढंच त्यांचं मागणं होतं.

शिरीषने तोडगा काढला. ऑफिसात तो पृष्ठभाग मोजायचंच काम करतो. सुई न लावता नुसत्या प्रकाशाने रेकॉर्ड वाचता येते, तिच्यावर ओरखडाही उठत नाही, हे त्याने साहेबांना चित्र काढून समजावलं. त्याच्या बॉसची परवानगीही आणली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि मग ते सगळ्यांच्या फोनवर गेलं," ते म्हणाले, "तर इथे कोण येईल?"

घरी येईपर्यंत गाडीत मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

*

आणि मग एक दिवस साहेबांनी स्वतःच डेनीझला फोन केला. वडिलांना घेऊन या, मोठा प्रसंग होईल. डेनीझने मला फोन केला तेव्हा रडत होती. विरघळला म्हातारा, असंच आम्हाला वाटलं.

केलरचा जिना अरुंद. डेनीझ, मी, शिरीष आणि फडके काका, चौघांनी व्हीलचेअर उचलून तिच्या वडिलांना, प्रूइटआजोबांना, खाली नेलं. कोट, टाय, गुडघ्यांवर टोपी. खुर्च्या भरलेल्या. साहेबांनी हॉटेलची खोली सांगितली, गोधड्या सांगितल्या, उशी सांगितली. त्या माणसाला त्याच्याच आईची गोष्ट सांगितली आणि चष्मा काढून डोळे पुसले. मग हातमोजे घातले, रेकॉर्ड काढली, आजोबांच्या समोर धरली आणि पुढच्या रांगेकडे वळले.

"लावणार ना?" आजोबांनी विचारलं.

"तिला जपायला हवं," साहेब म्हणाले.

डेनीझने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. कोणीच काही बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि त्याचा मला अजून संताप येतो.

मग खुर्चीच्या पायपट्टीवर ठक ठक सुरू झालं. आजोबांचा पाय. टोपीकडे बघत ते गायला लागले, बारीक, खरखरीत, पण सुरात. त्यांची आई कपडे धुताना म्हणायची तेच, डेनीझ माझ्या कानात म्हणाली. साहेबांचा चेहरा फुलला. रेकॉर्ड टेबलावर ठेवून ते लगबगीने गेले, रेकॉर्डर आणला, बटण दाबलं आणि माइक आजोबांच्या तोंडाशी धरला.

आजोबांनी रेकॉर्डरचा लाल दिवा पाहिला. पाय थांबला.

"पुढे? पुढे?" साहेब म्हणाले.

"नव्वदीचा गळा आहे," आजोबा म्हणाले. "जपायला हवा."

त्यांनी टोपी घातली. आम्ही चौघांनी खुर्ची उचलली. जिन्याच्या मधल्या वळणावर पायपट्टी पुन्हा वाजायला लागली आणि आजोबांनी राहिलेलं गाणं पुरं केलं. फडके काका म्हणाले, थांबा जरा, आणि आम्ही तसेच खुर्ची धरून उभे राहिलो. खाली साहेब डोराच्या कपाटाला कुलूप लावत होते.