बदामी रंगाचा डबा

आमचा टेम्पो पहिले पाच महिने निळा होता आणि पुढची अकरा वर्षं बदामी. सौसरमध्ये कोणालाही विचारा, बदामीच सांगतील. 'ती बदामी गाडीवाली बेकरी' हीच आमची ओळख झाली, आणि ती ओळख मी मिळवून दिली. त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही. मीही मागितलं नाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची गोष्ट आहे. आमचे हे नागपूरला एका बेकरीत दहा वर्षं भट्टीपुढे उभे राहून काम शिकले होते. लग्न झाल्यावर सौसरला परत आले आणि घरामागे स्वतःची भट्टी घातली. टोस्ट, खारी, नानकटाई, पाव. भट्टी ह्यांची, बाकीचं माझं. मैदा चाळायचा, ट्रे घासायचे, गार झालेला माल पत्र्याच्या पेटीत रचायचा. ती पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून हे एक दिवस रामाकोना, एक दिवस लोधीखेडा, एक दिवस मोहगाव असे फिरत. चहाच्या टपऱ्यांवर काचेच्या बरण्या असत, त्यांत आमचा टोस्ट जाई. चहात बुडवला तरी तुटून कपात पडायचा नाही, अशी त्याची ख्याती होती. मी उगाच कौतुक करत नाही. नवऱ्याचं कौतुक करायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

आम्ही बौद्ध. सौसरात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बाहेरगावच्या टपरीवाल्यांनाही अंदाज होताच. आडनाव विचारल्याशिवाय आपल्याकडे माणूस माणसाशी बोलतो तरी का? पण माहीत असणं वेगळं आणि गाडी घेऊन दारात उभं राहणं वेगळं. सायकल कोणाची आहे हे सायकलीवर लिहिलेलं नसतं. मागची पेटी काळी पडलेली, पुढे घामाघूम माणूस, बरणीत टोस्ट. खाणारा टोस्टकडे बघे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती आमची मूठ चार वर्षं झाकलेली राहिली आणि आम्हाला वाटलं, ही सगळी टोस्टचीच करामत आहे.

मग ह्यांनी जुना तीनचाकी टेम्पो घेतला. पत्रा गंजलेला, एक दार दोरीने बांधलेलं. पांढुर्ण्याच्या पेंटरकडे नेला तेव्हा मीही सोबत होते. पेंटरने विचारलं, "कोणता रंग मारू भाऊ?" ह्यांनी एक क्षणही विचार केला नाही. म्हणाले, "निळा." दोन्ही दारांवर पांढरं चक्र काढायला सांगितलं. पेंटरने ते भराभर रंगवून टाकलं, तर ह्यांनी बोट ठेवून आरे मोजले. बावीस भरले. सगळं पुसून पुन्हा चोवीस काढायला लावले. पेंटर वैतागला, मीही वैतागले. बावीस आणि चोवीस आऱ्यांनी टोस्ट काय कडक होणार होता की नरम?

पण टेम्पो वस्तीत आला त्या दिवसाचं खरं सांगते, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. बायका कामं टाकून बाहेर आल्या. माझ्या सासूबाई मोहगावकडच्या खेड्यात धाकट्या दिराजवळ राहत, त्यांना ह्यांनी मुद्दाम गाडी दाखवायला आणलं. त्यांचा एक डोळा पार गेलेला आणि दुसऱ्याला रंगच काय ते कळायचे. त्या गाडीभोवती हात लावत फिरल्या आणि म्हणाल्या, "निळी हाय ना रे? मले दिसून राहिली." त्यानंतर दोन दिवस त्या ज्याला त्याला हेच सांगत होत्या.

माल कमी कधी व्हायला लागला ते नेमकं सांगता येणार नाही. लोधीखेड्याचा एक टपरीवाला म्हणाला, परवाचाच माल पडून आहे. रामाकोन्याचा म्हणाला, टोस्ट आजकाल नरम लागतात. मोहगावचा काही बोलला नाही, फक्त त्याच्या बरणीत दुसऱ्याच बेकरीचा जाडजूड, कच्चा भाजलेला टोस्ट दिसायला लागला. वाईट कोणीच बोललं नाही. उलट सगळे पाणी पाजत, बसा म्हणत. हे संध्याकाळी अर्ध्या भरलेल्या पेट्या घेऊन येत, आणि आम्ही तो टोस्ट रात्री आणि सकाळी चहाबरोबर खात राहिलो. तो नरम नव्हता. मी रोज कडाकडा चावून बघत होते.

ह्यांनी भट्टीत दोष शोधला. मैदा बदलला, तूप बदललं, लाकडं बदलली. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ह्यांनाही कळलं असणार. पण दोघंही मैद्याबद्दलच बोलत होतो.

शेवटी ते बोलला लोधीखेड्याचाच टपरीवाला. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. त्या दिवशी मी टेम्पोत होते, कारण मला तिकडून नागपूरची बस धरायची होती. त्याने ह्यांना बाजूला घेतलं, पण आवाज मला येत होता.

"भाऊ, माल तुमचा एक नंबर. मी काही म्हणून नाही राहिलो. पण लोकं गाडी पाहून राहिले ना जी. गाडी दारात लागली का गिऱ्हाईक बरणीकडे पाहात नाही. आपल्या दोघांचंही पोट आहे. रंग तेवढा बदलवून टाका. बेकरीची गाडी कशी, बदामी पायजे, त्यावर गव्हाची लोंबी. अन् लिहून टाका, शुद्ध शाकाहारी."

हे "पाहतो" म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. आमच्या मालात अंडं कधीच नव्हतं.

त्या वेळी माझा राग टपरीवाल्यावर निघायला हवा होता. संत्र्याच्या दिवसांत पांढुर्ण्याहून ट्रक निघत, त्यांच्या कपाळावर अख्खं देऊळ रंगवलेलं असे, मागे जय अमुक आणि जय तमुक, खाली लिंबू-मिरची. त्या ट्रकातली संत्री आम्हीही खात होतो. साल काढताना ट्रक कोणाचा होता हे कोणी विचारलं नाही. हे सगळं मला तेव्हाही सुचलं होतं. पण माझा राग निघाला ह्यांच्यावर. नागपूरहून परतले त्या रात्री पेट्या उतरवताना मी म्हणाले, "रंग बदला. पोट भरायचं आहे की गाडी मिरवायची आहे?"

मिरवायची, हा शब्द मी वापरला. तो आठवला की अजून माझी जीभ जड होते.

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पीठ मळताना मान वर न करता विचारलं, "कोणता मारू?" मी म्हणाले, "बदामी." हे म्हणाले, "बदामी तर बदामी."

पेंटर तोच. त्याने विचारलं, "खरवडून मारू का वरूनच?" खरवडून मारला तर जास्त टिकतो, असंही सांगितलं. हे म्हणाले, "वरूनच मार." हे पैसे वाचवत असतील, असं मी समजले. दारावर चक्राच्या जागी लोंबी आली, खाली शुद्ध शाकाहारी आलं. पेंटरने आपणहून काचेच्या वर शुभ लाभ लिहिलं आणि मध्ये एक स्वस्तिक काढलं. नव्या रंगाला हे लागतंच, त्याचे वेगळे पैसे नाहीत, म्हणाला. ह्यांनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि तेवढं स्वतःच्या हाताने पुसून काढलं. बाकी सगळ्याला मान डोलावली. उरलेला रंग पेंटरने डब्यात घालून दिला.

बरण्या महिन्याभरात भरल्या. लोधीखेड्याचा टपरीवाला म्हणाला, "आता कशी, बेकरीची गाडी दिसून राहिली!" मोहगावच्याने दुसऱ्या बेकरीचा माल बंद केला. पांढुर्ण्यातही दोन दुकानं नवी मिळाली. मला आनंद झाला, लपवत नाही. टोस्ट तोच, मैदा तोच, हात तेच. आमच्या वस्तीत कोणी काही बोललं नाही, फक्त शेजारीण एकदा नळावर म्हणाली, "टेम्पो चांगला दिसते बाई. कोणाचा व्हय?" मी हसले. हसण्याशिवाय काय करणार होते?

वरून मारलेला रंग दाराच्या कडेला, हात लागतो तिथे, उडायला लागला. खालून निळा दिसे. मग मी तो डबा आणि जुना ब्रश काढून तेवढी जागा झाकत असे. आठवड्यातून एकदा, ट्रे घासून झाले की. कुंकू पुसलं गेलं तर पुन्हा लावावं तसं ते हातवळणीचं काम होऊन गेलं. त्यात वाईटही वाटत नव्हतं आणि बरंही.

मग दसरा आला. दसऱ्याला सासूबाई दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जात. पहिल्या वर्षी, दीक्षा झाली तेव्हाही त्या तिथे होत्या, सासऱ्यांबरोबर पायी गेलेल्या. निळा टेम्पो पाहिला त्याच दिवशी त्यांनी ठरवून टाकलं होतं की यंदा खेड्याच्या फाट्यावरून सौसरच्या स्टेशनावर आपल्या गाडीतून जायचं, आणि तिथून छोट्या लाईनच्या, अरुंद रुळांच्या आगगाडीने नागपूर. रंग बदलल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी सांगितलं नाही, आणि ते माझं काम नाही असं मी धरून चालले.

आम्ही सकाळी फाट्यावर पोहोचलो तेव्हा सात-आठ बायका पांढरी लुगडी नेसून उभ्या होत्या. मधोमध सासूबाई, हातात कापडी पिशवी. टेम्पो थांबला. बाकीच्या बायकांनी गाडीकडे पाहिलं, मग एकमेकींकडे पाहिलं, आणि एकेक करून मागे चढल्या. सासूबाई हलल्या नाहीत. त्या रस्त्याच्या पलीकडे, आम्ही आलो त्या दिशेला पाहत होत्या.

हे उतरून म्हणाले, "माय, बस."

"कोणाची गाडी व्हय रे?"

"आपलीच."

"आपली निळी हाय."

ह्यांनी त्यांची पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"मले लोकाच्या गाडीत कायले बसवून राहिला? येऊ दे आपली. मी थांबीन."

"माय, रंग बदलवला."

"काहून?"

उत्तर माझ्याकडे होतं. मी पुढच्या सीटवर मांडीवर वाटेतल्या भाकरीचा डबा घेऊन बसले होते, सासूबाईंपासून चार हातांवर. मी बोलले असते तर त्या मला चार शब्द बोलल्या असत्या आणि विषय संपला असता. मी डब्याचं झाकण घट्ट आहे का ते बघत राहिले.

ह्यांनी सीटखालून स्क्रू पिळायचा पेचकस काढला. दारावर, लोंबीच्या बरोबर मध्ये, तो घासायला सुरुवात केली. पत्र्याचा कर्कर आवाज दातांत जात होता. बदामी रंगाचे पापुद्रे ह्यांच्या बुटांवर पडत होते. तळहाताएवढी जागा मोकळी झाली तेव्हा हे थांबले. मध्ये निळा, आणि त्यात चक्राचे तीन-चार पांढरे आरे.

"पाह्य माय," हे म्हणाले.

सासूबाईंनी चेहरा अगदी पत्र्याला टेकवला. बऱ्याच वेळाने बोटाने तिथे चाचपलं, आणि म्हणाल्या, "हाव." मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून चढल्या. 'काहून' हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे मरेपर्यंत नाही.

नागपूरहून आम्ही दुसऱ्या दिवशी परत आलो. तिसऱ्या दिवशी लोधीखेड्याचा फेरा होता. हे भट्टीत होते. मी रंगाचा डबा काढला, वर धरलेली साय काडीने बाजूला केली आणि दारापुढे बसले. आधी आरे झाकले, मग निळा. ब्रश जुना होता, केस पसरलेले, म्हणून कडेने सावकाश फिरवावा लागत होता.

हे पेट्या घेऊन बाहेर आले आणि माझ्या मागे उभे राहिले. आता बोलतील असं वाटलं. आज तरी बोलावं, चिडावं, डबा लाथेने उडवावा, असंही वाटलं. हे थोडं वाकले आणि बोट दाखवलं.

"तिथं राहिलं थोडं."

मी तेवढंही झाकलं. ह्यांनी पेट्या चढवल्या, आणि रंग वाळेपर्यंत थांबून लोधीखेड्याला गेले.