पायात पिशवी

"आजी, आधी ही पिशवी घाला पायात. मग बूट."

सांगलीतलं खेळाच्या बुटांचं दुकान. मॅनेजरने भाजीवाले देतात तसली पातळ प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे धरली होती. मला वाटलं, सगळ्यांनाच देत असतील. घातली. वरून बूट चढवला. करंगळी मुडपली. आत घाम सुटला, पिशवी पायाला चिकटली.

शेजारच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या. त्यांनी चप्पल काढली आणि उघडा पाय सरळ नव्या बुटात सरकवला. त्यांना पिशवी नाही.

मी मॅनेजरकडे पाहिलं. तो माझ्या टाचांच्या भेगांकडे पाहत होता.

"रानातले पाय आहेत, आजी. मेंढरांमागं फिरल्यासारखे. असले पाय बुटात बसत नाहीत."

"त्यापेक्षा कोल्हापुरीच घ्या ना," बाई हसून म्हणाल्या.

मला किळस आली. त्याच्या बोलण्याची, त्या हसण्याची, पायाला चिकटलेल्या प्लास्टिकची. आणि सगळ्यात जास्त माझी स्वतःची. कारण मी म्हणाले, "बसतायत तसे. द्या बांधून."

बाळांनो, तुम्ही लांब आहात, म्हणून हे नीट लिहून ठेवते. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, नाहीतर गुडघा जाईल. आणि चालायचं तर पायाला नीट बसणाऱ्या बुटांत. हे मला माहीत होतं. तरी मी खोटं बोलले. आणि ते काही पहिल्यांदाच नव्हे.

मॅनेजरचा अंदाज खरा होता. आमचं घर कवठे महांकाळकडचं, मेंढरांमागं फिरणारं. वहाणा करायच्या तर वडील माप घ्यायचे ते सांजेला, मेंढरं कोंडून झाल्यावर. गोणपाटाच्या तुकड्यावर उभं करायचे आणि कोळशाने पायाभोवती रेघ ओढायचे. "सकाळचा पाय खोटा. दिसभर चालून पसरतो, त्यो खरा." मी लाजून अंग चोरलं की म्हणायचे, "आंग टाकून हुबी ऱ्हा की गं. पाय तुजाच हाय, चोरीचा न्हाई."

तो तुकडा बाजारात वहाणा शिवणाऱ्याकडे जायचा. वहाण माझ्या पायासारखी होऊन यायची.

मग शिष्यवृत्ती मिळाली, पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये गेले. तिथे कॅनव्हासचे बूट. खेळाच्या बाईंनी रांगेसमोर माझा पाय छडीच्या टोकाने उचलून दाखवला. इंग्रजीत म्हणाल्या, हा पाय नाही, खूर आहे. मुली हसल्या. मग त्यांनी विचारलं, बूट बसतात का?

"येस, मॅडम."

त्या शाळेतलं माझं पहिलं इंग्रजी उत्तर. धादांत खोटं. बोटं दुमडून मी पाच वर्षं मैदानावर धावले. अंगठा आत वळला, तो आजही तसाच आहे. पुढे साताऱ्यात जन्मभर इंग्रजी शिकवलं. मुलांचं एक खोटं खपवून घेतलं नाही. आणि प्रत्येक चपलेच्या दुकानात स्वतः म्हणत आले, बसतायत.

मॅनेजर बूट खोक्यात भरत होता. संध्याकाळचे सहा वाजले होते. दिवसभराच्या कामाने पाय पसरले होते. खरे झाले होते.

"थांबा," मी म्हणाले.

पिशवी ओढून काढली. खोक्याचं झाकण जमिनीवर ठेवलं. त्यावर उघड्या पायाने उभी राहिले, अंग टाकून. वाकवत नव्हतं, तरी वाकले आणि पेनाने पायाभोवती रेघ ओढली. मग खोक्यातला बूट त्या रेघेवर ठेवला. दोन्ही बाजूंनी रेघ बोटभर बाहेर.

"माझा पाय एवढा आहे. एवढा बूट दाखवा."

"लेडीजमध्ये एवढं रुंद येत नाही. दोन नंबर मोठा घ्या, पुढे कापूस कोंबा."

"म्हणजे बूट कमी पडतो. मघाशी तुम्ही पायाला नावं ठेवत होता."

त्याने बूट रेघेवरून उचलला. बाई आपल्या बुटांच्या नाड्या बघत बसल्या.

"आणि मेंढरांचं तुम्ही बरोबर ओळखलंत," मी म्हणाले. ती पिशवी त्याच्या हातात दिली. आतून ओली होती. त्याने ती दोन बोटांत धरली.

झाकण घेऊन मी बाहेर पडले. बूट अजून मिळालेले नाहीत. गुडघा रोज दुखतो.

तुम्ही फोनवर म्हणता, नंबर सांग, इकडून पाठवतो. नंबर सांगणार नाही. नंबराने पायाची फक्त लांबी कळते. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जाते आहे, ते झाकण घेऊन. संध्याकाळीच दुकानात शिरेन. पुरुषांच्या बुटांत माझं माप असेल तर तिथे बसेन. पिशवी पुढे केली तर आधी विचारेन, सगळ्यांना देता का. बूट घालून उभी राहीन, दुकानभर चालेन. करंगळी मुडपली तर काढून ठेवीन आणि पुढच्या दुकानात जाईन.

बसत नाही, हे तिथेच सांगेन. मोठ्याने. मराठीत आणि इंग्रजीतही.