आत येणारी पावलं

गौरी घरात यायच्या म्हणून भाची तांदळाच्या भिजवलेल्या पिठात मूठ बुडवून उंबऱ्यापासून आत पावलं उमटवत होती. परदेशात कणांच्या टकरी घडवतात ना, तिथं ती संशोधक आहे.

“मामा, आम्हीही पावलंच बघतो,” ती म्हणाली. “टकरीतून जन्मलेला कण दिसायच्या आतच मरतो. मागं उरलेल्या खुणांवरून तो कोण होता, ते ओळखायचं.”

म्हणजे जग कशाचं बनलंय, हे सांगणार कोण, तर नुसती पावलं!

हसतच मी खाली पाहिलं. प्रत्येक पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. असे पाय माझ्या आईचे होते. भाचीच्या जन्माआधीच ती गेली.

भाचीनं पुन्हा मूठ बुडवली. ओलं पाऊल माझ्या खुर्चीपाशी उमटलं.

मी पाय वर घेतले.