एकाची सरस्वती

केंदूरचे मच्छिंद्र गुरुजी सरस्वतीवर बोलायला उभे राहिले की लवकर खाली बसत नसत. व्याख्यानाचं नाव ठरलेलं, ‘सरस्वतीचा गूढार्थ’. शिरूरच्या गणपतीत तेच, दौंडच्या नवरात्रात तेच, आणि कुणाच्या दशक्रियेला बोलावलं तरी फिरून फिरून गाडी तिथंच. हंस म्हणजे विवेक, वीणा म्हणजे जीवनाचा सूर, चार हात म्हणजे मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार. मोर जवळ असूनही देवी त्याच्यावर बसत नाही, कारण मोर म्हणजे गर्व. हे सांगताना गुरुजी खांद्यावरची शाल अशी काही पसरायचे की मोरानं लाजावं. लोक माना डोलवायचे. जे कळत नाही ते फार मोठं असणार, एवढाच गूढार्थ त्यांना कळलेला होता.

या सरस्वतीपुत्राची बायको ताईबाई. तिला अक्षर येत नव्हतं. गुरुजींनी गावातली आख्खी एक पिढी अक्षराला लावली, पण स्वतःच्या चुलीपुढं बसलेल्या बाईला ‘ग’ गिरवून द्यायला त्यांना उभ्या जन्मात सवड झाली नाही. ताईबाईलाही नवऱ्याच्या विद्वत्तेचं कौतुक उरलं नव्हतं. ज्याला दोरीवरचा टॉवेल सापडत नाही त्याला देवीचा अर्थ बरा सापडतो, असं मनाशी म्हणत ती भाकरी थापायची.

एकदा ती दौंडला दिलेल्या लेकीकडं, सायलीकडं, एकटीच निघाली. शिक्रापूरला गाडी बदलायची होती. गर्दीत तिनं कुणाला तरी विचारलं, त्यानं बघितल्यासारखं करून बोट दाखवलं, आणि ताईबाई उतरली ती भलतीकडंच, शिरूरला. चूक काही जगावेगळी नव्हती. पण गुरुजींना व्याख्यानासाठी आयता मसाला मिळाला. कासुर्डीच्या नवरात्रात, ताईबाई समोर बायकांत बसलेली असताना, त्यांनी तो किस्सा रंगवून सांगितला. “आमची मंडळी हंसावर बसायची ती बदकावर बसली,” म्हणाले. मंडप हसला. पुढच्या बायका वळून वळून तिच्याकडं बघायला लागल्या. ताईबाईही हसली. पण आत काहीतरी जळलं. पुढच्या खेपेला गाडीची पाटी आपली आपण वाचायची, मगच चढायचं, हे तिनं तिथंच ठरवलं.

दुसऱ्या वर्षी, शहाण्णव साली, गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. शिकवायला इनुसभाईंची बुशरा, नुकतीच बारावी झालेली. ताईबाईनं जायचं म्हटल्यावर गुरुजी भडकले.

“गुरुजीची बायको अंगठेबहाद्दरांच्यात बसणार? गाव माझ्या तोंडात शेण घालंल.”

“अंगठा तर माझाबी हाय की,” ताईबाई म्हणाली, आणि गेली.

पहिल्याच दिवशी बुशरानं विचारलं, “काकी, काय काय येतं तुम्हाला?”

“मला कुठलं काय येतंय बाई. दसऱ्याला पाटीवर सरस्वती तेवढी काढते.”

“काढा की मग.”

ताईबाईनं काढली. लहानपणी भावाच्या पाटीवर, लग्नानंतर नवऱ्याच्या, पुढं लेकीच्या, अशी ती ही नक्षी दर दसऱ्याला काढत आली होती. ओळीनं मांडलेल्या त्या वाकड्या चोचींना ती राघू म्हणायची.

बुशरा बघतच राहिली. “काकी, हे राघू न्हाईत. हा एक हाय. एकाचा आकडा. तुम्हाला एक येतो.”

ताईबाईनं पाटीवरच्या एकेका राघूवर बोट ठेवून बघितलं. जन्मभर ती एक लिहीत होती, आणि तो एक आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बापानं नाही, भावानं नाही, आणि चार हातांचा हिशेब गावोगाव मांडणाऱ्या नवऱ्यानंही नाही. तिला नवऱ्याची अशी किळस कधी आली नव्हती.

एकामागून दोन आला, मग अक्षरं आली. नावावर मात्र गाडी अडली. “मधलं नाव?” बुशरानं विचारलं.

“नवऱ्याचं नाव कुठं घेत्यात का?”

“घ्यायचं न्हाई, नुसतं लिहायचं.”

हे ताईबाईला पटलं. पण नवरा लिहायलाही अवघडच निघाला. च्छ काही केल्या बसेना, द्र निसटायचा. ताईबाईनं तरी हट्टानं ते जमवलं.

दसरा आला. पाटावर पाटी मांडून ताईबाईनं सरस्वती काढली, आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदा त्या पाटीवर, लिहिलं, ‘ताईबाई मच्छिंद्र’. हळदकुंकू वाहिलं. नवरा बघेल, निदान ‘बरं जमलं’ म्हणेल, अशी एक वेडी आशा तिच्या मनात होतीच. किळस आली म्हणून आशा सुटते असं नाही.

गुरुजी सोनं वाटून घरी आले आणि पाटीकडं बघून कडाडले. “आज लिहायचं नसतं, एवढंबी कळत न्हाई? देवीच्या पाटीवर गिरबटून ठेवलंय.” काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंसुद्धा नाही. ओला हात सरळ पाटीवरून फिरवला. नाव गेलं, गुरुजींचं स्वतःचंही गेलं, आणि त्याच फटकाऱ्यात सरस्वतीही गेली.

“काढ पुन्हा. सोसायटीचे बापूसाहेब सोनं द्यायला यायचेत.”

ताईबाई पाटापुढं बसली. पदरानं पाटी कोरडी केली, पेन्सिल घेतली आणि राघूंच्या जागी, मधोमध, ठळक लिहिलं. तेवढ्यात बापूसाहेब आत आले. पाटावरच्या पाटीला सवयीनं हात जोडले, आपट्याचं पान वाहिलं, आणि मग वाचलं.

“ताईबाई. नुसतंच? गुरुजींचं नाव कुठाय?”

गुरुजींनी आता कुठं पाटीकडं नीट बघितलं.

ताईबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “ह्यांचं नाव घेत न्हाई मी, बापूसाहेब,” ती म्हणाली.